बारीक जाळ

एमवायच्या मागच्या गल्लीतल्या लॅबमध्ये
पोरगा ओरडला, 'जोसना ढोपे!'
ज्योत्स्ना म्हणायला त्याला वेळ नव्हता.
मला तरी कुठे घाई होती.
हल्ली कशाचीच नसते.
मे महिन्यात शाल घेऊन बसते,
केस फणीत राहतात,
शब्द ओठांपर्यंत येतात आणि तिथेच टेकतात.
ऑफिसात म्हणतात, ढोपे मॅडम
खाऊन खाऊन सुस्तावल्या.

खाऊन खाऊन.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला, गळा चाचपला,
गिळा म्हणाल्या. गिळलं.
मग पेन खाली ठेवून विचारलं,
जन्मताना वजन किती होतं?
लहानपणी खाण्यापिण्याचं कसं होतं?
मीठ कुठलं यायचं घरी?

आई शेजारीच होती. पटकन म्हणाली,
'कमी नव्हतं हो काही.'
आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

मिलचा भोंगा बंद पडला तेव्हा मी तिच्या पोटात होते.
बाबा तरीही सकाळी सातला डबा घेऊन निघायचे,
बंद गेटासमोर बसून संध्याकाळी यायचे.
डब्यात काय असायचं कोण जाणे,
तो कधी घासावा लागला नाही.

माझं वजन रद्दीवाल्या कासमचाचांच्या तराजूवर झालं :
एका पारड्यात मी, दुसऱ्यात
एक किलोचं, अर्ध्याचं, पावाचं लोखंड.
आई हे हसत सांगायची.
मीठ खड्यांचं, दुकानाबाहेर गोणीत,
रात्रभर उघडं; ते कुणी चोरतसुद्धा नसे.
शिळी पोळी पाण्यात कुस्करून
वर चिमूटभर जिरावन.
'डोळे मीट, पोहे खातेयस समज.'
मी मिटायचे.
सगळं इंदूर त्या वेळी पोहे खात असायचं,
वास फुकट होता.

आणि स्टोव्ह.
आई वाती खाली ओढायची,
'जाळ बारीक ठेव गं, महिनाभर पुरवायचंय.'
करंगळीच्या नखाएवढा निळा.
डाळ शिजायला दुपार लागायची.
पण शिजायची.

डॉक्टरीणबाई सांगत होत्या,
पोटात असताना, पहिल्या दोन-तीन वर्षांत
अन्न कमी पडलं तर शरीर काटकसर शिकतं,
कधीकधी ती सवय पुढेही राहते.
'तुमचं त्यामुळेच झालं, असं मात्र नाही सांगता येणार.'
कागदाच्या मागे त्यांनी फुलपाखरू काढून दाखवलं.
मला वाती दिसल्या.
माझ्या गळ्याशी कुणीतरी बसलंय
तेहतीस वर्षं, उकिडवं,
त्याला कुणी कळवलंच नाही
की रॉकेलची रांग उठली,
मला पगार आहे, फ्रिजमध्ये परवाचं श्रीखंड आहे.
ते आपलं पुरवतंय.

'गोळी सकाळी, उपाशीपोटी.
नंतर अर्धा तास काही खायचं नाही.'
'ते जमेल,' मी म्हटलं, आणि हसू फुटलं.
आई हसली नाही.
डॉक्टरीणबाई आता तिच्याकडे बघत होत्या,
पदर ती नेहमी जरा वर घेते, तिथे.
'तुमचाही गळा बघू का, आई?'
'मला काय झालंय,' आई म्हणाली, आणि उठली.

आज पाच वाजता उशाशी फुलपात्र होतं, त्यावर गोळी.
ती समोर मोड्यावर बसली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत,
जणू काटा तिनेच ढकलायचाय.
अर्धा तास भरला तशी आत गेली.
मोहरी तडतडली, पोहे पडले,
बडीशेपेचा वास आला.
मी दारात उभी.
गॅस मोठा होता.
तिचा हात बटणाकडे गेला, सवयीने,
आणि तिथेच थांबला.